वाचक विचारतात : न केलेल्या सहीची गोष्ट

गेल्या महिन्यात संपादकांनी वाचकांना आवाहन केलं होतं, 'कादंबरी कशी लिहिली जाते याविषयी प्रश्न पाठवा.' आलेली पत्रं एका कापडी पिशवीत घालून त्यांनी गोव्यात माशेलला माझ्या घरी धाडली. ती मी तीन दिवस वाचत होते. सगळ्यांना उत्तर देणं एका अंकात शक्य नाही, म्हणून ज्या प्रश्नांपाशी मी स्वतः थांबले तेवढे इथं घेतले आहेत. माझी ओळख थोडक्यात सांगते. एकतीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात नोकरी केली, आधी फोंड्यात आणि मग पणजीत. त्या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि निवृत्तीनंतर एक.

ताई, तुम्ही रोज ठरलेल्या वेळी लिहिता का? नोकरी आणि घर सांभाळून हे कसं जमलं? लिहिण्याची काही खास सवय आहे का?
*(एक वाचक, सावंतवाडी)*

पहाटे पावणेपाच ते पदेर, म्हणजे पाववाला, येईपर्यंत. आमच्या वाड्यावर पदेर साडेसहाच्या सुमाराला येतो. त्याच्या सायकलचा भोंपू वळणावर वाजला की पेन खाली ठेवायचं, वाक्य अर्धं असलं तरी. नोकरीत असताना त्यानंतर चूल, डबे, आईची औषधं आणि बाणस्तारीवरून जाणारी पणजीची बस असायची. आता बस धरायची नसते, तरी मी पदेराच्या भोंपूलाच थांबते. अर्धं वाक्य सोडण्याचा एक फायदा मला फार लवकर कळला. दिवसभर ते वाक्य मागे लागतं. जुने गोवे येईपर्यंत त्याचा उरलेला अर्धा भाग सुचलेला असायचा. मी तो कागदावर उतरवत नसे, दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात ठेवत असे. पहाटे तो आठवला तर घ्यायचा, नाही आठवला तर तो घेण्यासारखा नव्हता असं समजायचं.

लिहिते फुलस्केप वहीत, आणि फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं ठेवते. तिथं नंतर शंका येतात, एखादा शब्द येतो, 'हिच्या घरात तेव्हा वीज होती का?' असले प्रश्न येतात. चांगल्या दिवशी दीड पान होतं, पावसात वीज गेली की मेणबत्तीवर अर्धं.

आणखी एक सवय कचेरीतून आली. दस्तात चूक झाली तर ती खरवडून काढता येत नाही. एक सरळ रेघ मारायची, आणि कुठे काय खोडलं त्याची नोंद करून तिथं सही घ्यायची. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. वहीतही मी एकच रेघ मारते. कित्येकदा सहा महिन्यांनी कळतं की खरी ओळ खोडलेली होती आणि वर लिहिलेली तिची सजवलेली बहीण होती.

एका नियतकालिकाकडे मी एक दीर्घकथा पाठवली होती, एकुलती एक प्रत. त्यांच्याकडून ती गहाळ झाली. पुन्हा लिहायला बसले तेव्हा घटना आठवल्या, वाक्यं नाही आठवली. ती कथा गेली ती गेलीच. तेव्हापासून कार्बन पेपर आणि आता मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो. जूनमध्ये वह्या पत्र्याच्या पेटीत जातात, कडुनिंबाच्या पाल्यात. आमच्याकडच्या दमट हवेत चार दिवस दुर्लक्ष केलं तर कागदावर बुरशी धरते.

नवऱ्याच्या नावावरच्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, विक्रीला सही द्यायला बायको नकार देते आणि व्यवहार अडतो, ही तुमची कादंबरी आमच्या वाचनगटात वाचली. पण बायकोच्या सहीवाचून व्यवहार कसा अडेल, हे आम्हाला पटलं नाही. ही गोष्ट खरी आहे का? सुचली कशी?
*(एक वाचिका, पुणे)*

महाराष्ट्रातून आलेल्या बऱ्याच पत्रांत ही शंका आहे, म्हणून सविस्तर सांगते. पोर्तुगालचा १८६७चा नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला, आणि १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही लग्न, मालमत्ता, वारसा या बाबतींत तो चालू राहिला. लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. नवऱ्याला बापाकडून आलेली जमीनही त्यात येते. म्हणून घर, शेत, भाट विकायचं तर बायकोची संमती लागते. तिनं कचेरीत यावं लागतं, सही करावी लागते. कायद्यानं ती बरोबरीची धनी असते. आता कचेरीत काय घडतं ते ऐका.

माझ्या टेबलासमोर भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. पुरुष टेबलाशी उभे असायचे. नवरा, भाऊ, दलाल, वकील. बायका बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. सगळं ठरलेलं, वाचून झालेलं, पैसे मोजलेले. शेवटी हाक जायची, 'बाये, हांगा सय.' ती उठायची. मी रजिस्टर तिच्याकडे वळवायची आणि बोट ठेवून जागा दाखवायची. ती विचारायची ते एवढंच, की इथं का? एकतीस वर्षांत किती बायकांकडे मी ते रजिस्टर वळवलं असेल! निम्म्या धनीण असलेल्या बायका. आपण काय विकतो आहोत हे त्यांतल्या कितीजणींना वाचून दाखवलं होतं? मलाही ते सुचायला बरीच वर्षं गेली, हे मी कबूल करते. नंतर मी प्रत्येकीला दस्त कोकणीत समजावून सांगू लागले. साहेब कधी रागवायचे, रांग लांबते म्हणून.

त्यातली एक बाई. तिचं गाव, घराणं, जमीन, रक्कम, वय सगळं मी बदललेलं आहे, कारण ते तिचं आहे. तिनं पेन हातात घेतलं, मग खाली ठेवलं आणि विचारलं, 'आंबो खंयच्या वांट्यांत गेलो?' आंबा कुणाच्या वाट्यात गेला. कुणाकडे उत्तर नव्हतं. दस्तात सर्व्हे नंबर होता, चौरस मीटर होते, चारी दिशांच्या हद्दी होत्या. आंबा नव्हता. वकिलानं समजावलं, नवरा हळू आवाजात काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, 'हांव सय मारची ना,' आणि पिशवी उचलून बसस्टॅंडकडे चालू लागली. पंधरा दिवसांनी तीच माणसं परत आली. या वेळी तिनं काही न विचारता सही केली. माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

मधल्या पंधरा दिवसांत काय झालं ते मला माहीत नाही. कादंबरी त्या पंधरा दिवसांची आहे. म्हणजे सुरुवात आणि शेवट खरा, आणि मधलं सगळं मी रचलेलं.

ती लिहायला सात वर्षं लागली. पहिल्या खर्ड्यात मी तिला धीट, बोलकी, भांडणारी केली होती. नव्वद पानं झाली आणि मला लिहिताना लाज वाटू लागली. मी बाकावर बसलेल्या बायका इतकी वर्षं पाहिल्या होत्या, त्यांतली एकही तशी बोलत नव्हती. भाषण माझं होतं, तिच्या तोंडात घातलेलं. नव्वद पानं बाजूला ठेवली. मग फक्त आंब्याचा विचार करू लागले. मानकुराद असेल. कलम कुणी बांधलं? पहिल्या वर्षीचा मोहोर पावसानं गेला असेल का? मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, धावपळीत, मिरच्या, सोलां, सुकी सुंगटं वाळत पडलेली असताना, ती खोडाला टेकून कधी पाच मिनिटं बसत असेल का? असे पन्नासेक प्रश्न डाव्या पानांवर जमले आणि मग तिनं तोंड न उघडताही पानं पुढे जाऊ लागली.

आणखी एक गोष्ट सांगते. १९६१च्या आधीचे दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत. नोकरीच्या निमित्तानं मी ती भाषा वाचायला शिकले. त्या दस्तांत शेवटी 'आ रोगो' असे दोन शब्द येतात. अर्थ असा की हिला लिहिता येत नसल्यानं हिच्या विनंतीवरून अमक्यानं सही केली. अक्षर त्या माणसाचं, झोकदार, शाई अजून काळीभोर. विनंती तिची, असं कागद म्हणतो. ती विनंती तिनं कोणत्या शब्दांत केली, केली तरी होती का, हे मी वाचलेल्या एकाही दस्तात सापडलं नाही. माझं लिहिणं तिथून येतं. मला दुसरी प्रेरणा ठाऊक नाही.

तुमच्या कादंबरीतली माणसं कोकणीत बोलतात आणि निवेदन मराठीत असतं. घरी तुम्ही कोकणीच बोलत असणार. मग कोकणीत का लिहीत नाही? हा आपल्या मायभाषेवर अन्याय नाही का?
*(एक वाचक, मडगाव)*

तुम्ही हे पत्र मराठीत लिहिलंत, आणि शेवटची एक ओळ कोकणीत. ती ओळ मी दोनदा वाचली.

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची माया, राग, म्हणी, हिशेब सगळं कोकणीत. पण देवापुढे ती मराठी व्हायची. आरती मराठी, अभंग मराठी, श्रावणात देवळात लागायची ती पोथी मराठी, जत्रेत रात्रभर चालायचं ते नाटकही मराठी. एका भाषेतून दुसरीत जाताना तिला उंबरा लागत नसे. आषाढात माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो, तेव्हा चिखलात लोळणारी मुलं कोकणीत ओरडायची आणि बाजूला भजन मराठीत चालू असायचं. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी मराठी प्राथमिक शाळेत गेले, पहिलं अक्षर मराठीच्या पुस्तकातून गिरवलं. बोलणं एका भाषेतून आलं आणि लिहिणं दुसरीतून, इतकं ते साधं आहे.

मग भाषेचं आंदोलन आलं. फेब्रुवारी १९८७मध्ये राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. कायद्यात दोन वाक्यांत बसलं ते घरात बसलं नाही. त्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माझे दोन मामा एका पंगतीला जेवले नाहीत. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी दोघांनी मिळून बांधली, जेवायला मात्र एक ओसरीवर आणि एक आत. जेवण मी वाढत होते. एकाला आमटी वाढून दुसऱ्याकडे जाताना मला जे वाटलं, ते मी अजून लिहू शकलेले नाही.

म्हणून या विषयावर मी वाद घालत नाही, पण माझं मत लपवतही नाही. मराठी गोव्यात पाहुणी आहे असं मला मान्य नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी पुराण १६१६मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. आणि कोकणी ही मराठीची बोली आहे असं म्हणणाऱ्यांचंही मला मान्य नाही. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, लक्ष्मणराव सरदेसायांनी दोन्हींत गद्य लिहिलं. त्यांच्या हातांतून दोन्ही भाषा मोठ्या झाल्या.

माझ्यापुरतं काम असं आहे : संवादांचं मी मराठी करत नाही. एका संपादकांनी प्रत्येक कोकणी वाक्याला तळटीप मागितली होती. मी नको म्हटलं. 'तुका कितें जाय?' असं विचारत बाईनं फडताळ उघडलं तर नागपूरच्या वाचकालाही कळतं. नाही कळलं, तर माझ्या वाक्याची मांडणी चुकली. तिथं तळटीप मदतीला येणार नाही.

तुमचा 'अन्याय' हा शब्द मात्र मी झटकून टाकत नाही. आजीविषयी लिहायला घेतलं तेव्हा मराठी वाक्यं पुढे जाईनात. तिची झोप, तिचे गुडघे, तिचं तपकिरीचं डबलं, सगळं कोकणीतच आलं. वीस पानं झाली आहेत. ती कोकणीतच राहतील.

ऐतिहासिक काळ लिहिताना माहिती कुठून मिळवता? चुका होत नाहीत का?
*(एक वाचक, दादर, मुंबई)*

झाली आहे, आणि छापून झाली आहे. पहिल्या कादंबरीत १९५२ साली एक बाई पाटली विकते आणि एश्कुद, म्हणजे पोर्तुगीज चलन, मोजून घेते, असं मी लिहिलं. पुस्तक आल्यावर महिन्याभरात कुंभारजुव्याहून एका वयस्क वाचकाचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं होतं की १९५२मध्ये गोव्यात रुपिया चालत होता, सोळा तांग्यांचा एक रुपिया. एश्कुद आला १९५८मध्ये, एका रुपियाला सहा या दरानं. त्यांचं शेवटचं वाक्य होतं, 'तुमच्या बाईला सोनारानं फसवलं असं मला वाचताना वाटत राहिलं.' त्यांनी ती बाई इतकी खरी मानली होती, आणि मी तिच्या हातात चुकीचं नाणं दिलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत ते दुरुस्त केलं. कार्ड अजून वहीत आहे.

तेव्हापासून प्रत्येक कादंबरीसाठी एक तक्ता करते. साल आडवं, आणि खाली चलन, रस्ता, होडी की पूल, दिवा कसला, शाळा कुठल्या भाषेची. उदाहरणार्थ, ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला. म्हणजे त्या वर्षीच्या चवथीला माझी नायिका पणजीहून म्हापशाला निघाली तर ती आधी फेरीच्या रांगेत उभी राहणार, बेतीला उतरणार, माटोळीचं सामान डोक्यावर सांभाळत. त्या रांगेत मला एक संपूर्ण प्रकरण मिळालं. जमिनीचंही तसंच. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा १९७५चा आहे. त्याआधी भाटकाराच्या दारात मुंडकार कसा उभा राहायचा आणि नंतर कसा, यात एका पावलाचा फरक पडला. ते पाऊल तारीख माहीत असल्याशिवाय लिहिता येत नाही.

माहितीसाठी पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२ साली सुरू झालेलं, आता पाटोला कृष्णदास शामा यांच्या नावाच्या इमारतीत आहे. तिथं जुनी वर्तमानपत्रं आहेत. १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालेला 'ओ हेराल्डो' मी बातम्यांसाठी कमी आणि जाहिरातींसाठी जास्त वाचते. कुठलं औषध विकलं जात होतं, बोट कधी सुटत होती, हे जाहिरात सांगते. शिवाय पुराभिलेखागार आहे, १५९५पासूनचं. पण तिथं जाण्याआधी काय शोधायचं आहे ते नेमकं ठरवून जा. मी एकदा ठरवल्याशिवाय गेले आणि चार महिने कादंबरी न लिहिता नुसती वाचत राहिले.

मी बारावीत आहे. मला लेखक व्हायचंय. पण आमच्या गावात लिहिण्यासारखं काही घडत नाही. खाणी होत्या, त्या बंद झाल्या. बाबांचा ट्रक होता, तो विकला. मोबाईलवर लिहिलेलं चालतं का?
*(एक विद्यार्थी, साखळी)*

मोबाईलवर लिही, काही बिघडत नाही. फक्त लिहिलेलं दर रविवारी कुठंतरी दुसरीकडे साठवून ठेव.

आता बाकीचं. 'काही घडत नाही' असं लिहून पुढच्या दोन वाक्यांत तू मला एक कादंबरी पाठवली आहेस. २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तू चार-पाच वर्षांचा असशील. त्याआधी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग संपत नव्हती, केळीची पानंसुद्धा लाल होती, मांडवीत बार्जेस ओळीनं मुरगावकडे जायच्या. मग एक दिवस रस्ता रिकामा. काही वर्षांनी थोडं सुरू झालं, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबलं. हे सगळं वर्तमानपत्रात आहे. ट्रक ज्या दिवशी विकला त्या संध्याकाळी तुझे बाबा काय जेवले, हे वर्तमानपत्रात नाही.

खाण चांगली की वाईट याचा निवाडा आताच करू नकोस. विहिरी आटल्या म्हणणारा शेतकरीही तुझ्याच गावात आहे आणि हप्ते थकलेला ट्रकवालाही. दोघांकडे जा. ट्रकला नाव होतं का? मागे काय रंगवलं होतं? आता तिथं, जिथं तो उभा असायचा, तिथं काय आहे? बाबांना एकदम 'सांगा' म्हणू नकोस, ते सांगणार नाहीत. त्यांच्याबरोबर त्या रस्त्यानं जा. दिवसाला पाच ओळी. दिवाळीपर्यंत झालेलं मला पाठव, मी वाचीन आणि खरं मत देईन.

लिहिताना अडलं तर काय करता?
*(एक वाचिका, नाशिक)*

जुव्याला जाते. सांतेस्तेव म्हणतात ते बेट, आमच्या माशेलसमोरच. भाज्यांसाठी प्रसिद्ध, सात शिरांची भेंडी तिथली. बांधावरून मानशीपर्यंत चालते. मानस म्हणजे खाजन शेतीच्या, खाडीकाठच्या सखल शेतीच्या, बांधातलं लाकडी दार. भरतीला पाण्याच्या दाबानं ते आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. ते मिटताना बघत बसते. कधी तोड सापडते, कधी भेंडी घेऊन घरी येते.

कादंबऱ्या लिहून पोट भरतं का?
*(एक वाचक, कोल्हापूर)*

माझं नाही भरलं. पहिल्या कादंबरीच्या ५०० प्रती छापल्या, त्या संपायला सहा वर्षं लागली, मानधन म्हणून २५ प्रती मिळाल्या. सहीच्या कादंबरीनं थोडे पैसे दिले, त्यांतून छप्पर शाकारलं आणि आईसाठी चांगली गादी घेतली. नोकरी सोडून लिहायला बसण्याचा विचार करत असाल तर मी नको म्हणेन. मला विषय नोकरीनंच दिले.

माझं वय ५४. सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं मीच करते. मनात एक कादंबरी आहे, पण त्या दिवसभर जुनं जुनं बोलत असतात, लक्ष लागत नाही. आता उशीर झाला का?
*(एक वाचिका, डिचोली)*

तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण ते वाचून मी उठून आईच्या खोलीत गेले. ती खोली आता रिकामी आहे.

आई गेली त्याआधी चौदा महिने ती अंथरुणावर होती. माझी पहाट तिच्या कुशी बदलण्यात जायची. त्या काळात मी औषधांच्या तक्त्याच्या पाठीमागे लिहिलं, वही उघडण्याइतका सलग वेळच नव्हता. दिवसाला सात-आठ ओळी, कधी दोन. थकलेल्या माणसाला मी 'वेळ काढा' असं सांगणार नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आठवड्यातून दोन दुपारी सासूबाईंपाशी बसावं, हे मात्र घरात स्पष्ट मागा. ती मागणी कादंबरीइतकीच महत्त्वाची आहे.

आणि त्यांचं बोलणं. आई बोलायची तेव्हा मलाही वाटायचं, ही थांबली तर मी लिहीन. ती थांबली. त्यानंतर कितीतरी महिने मला एक ओळ सुचली नाही. तिनं शेतांची नावं सांगितली होती, मी सगळी टिपली नाहीत. 'खालची शेळ' की 'खालची शेण'? विचारायला आता कुणी नाही. तुमच्याकडे माणूस आहे आणि ते बोलतं आहे. त्यांना लिहिता येतं का हे तुम्ही कळवलं नाहीत. येत नसेल तर त्या जे म्हणतात ते तसंच उतरवा, त्यांच्याच शब्दांत, क्रम न लावता. तुमच्या मनातली कादंबरी आणि त्यांचं जुनं जुनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. मला तशी खात्री वाटत नाही.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ लिहून खोडलेली आहे. बऱ्याच रेघा मारल्या आहेत, पण खिडकीच्या उजेडात धरल्यावर वाचता आली. छापू का म्हणून फोनवर विचारलं, तुम्ही जरा थांबून हो म्हणालात. ती ओळ अशी : 'दुपारी त्या विकलेल्या म्हशीला हाक मारतात आणि मला ओ द्यावी लागते.'

तिथून सुरू करा.